वाचक विचारतात : एका संघातले दोन वाघ

या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच दुखणे आहे : सायकल शर्यतीत परक्यांपेक्षा आपल्याच संघातल्या माणसाशी जास्त झुंजावे लागते. पंक्चरचे आणि खाण्याचे प्रश्नही आहेत, पण तेही फिरून तिथेच येतात. सांगलीच्या एका सायकल मंडळाने मात्र वेगळेच विचारले आहे. त्याचे उत्तर आम्ही फार आनंदाने दिले आहे.

प्रश्न (शाहूपुरी, सातारा) : आमच्या संघात पाच जण आहेत. त्यांतले दोघे घाटात तोडीस तोड. मागच्या शर्यतीत दोघे मिळून पुढे निघाले, पण शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये 'तू ओढ, तू ओढ' (म्हणजे पुढे राहून वारा तू काप) करत राहिले आणि मागून आलेला तिसराच जिंकून गेला. नेता ठरवायचा तरी कसा?

उत्तर : मापून ठरवा. आणि तेही आदल्या रात्री नव्हे, निदान आठ दिवस आधी. आदल्या रात्री ठरवलेला नेता ज्याला डावलले त्याच्या मनाला पटलेला नसतो, आणि ते सगळे पहिल्या चढावर बाहेर पडते.

यवतेश्वरचा घाट तुमच्या दारात आहे. पहाटे, वाहतूक सुरू होण्याआधी, पायथ्याची एक खूण आणि वरची एक खूण पक्की करा. दोघांना दोन मिनिटांच्या अंतराने सोडा. मागच्याने पुढच्याला गाठले तरी त्याच्या चाकाला लागायचे (आडोशाला मागे बसायचे) नाही, बाजूने निघून जायचे. तीन दिवसांनी पुन्हा तेच करा, क्रम उलटा. तिसरी चाचणी सगळ्यांत महत्त्वाची आणि नेमकी तीच कुणी घेत नाही : आधी दोन-अडीच तास सायकल चालवा, मधूनमधून चार-पाच मिनिटांचे जोर लावा आणि मग तोच घाट चढा. ताज्या पायांनी पहिला येणारा थकल्या पायांनी बऱ्याचदा मागे पडतो. शर्यतीतला निर्णायक चढ थकल्यावरच येतो, म्हणून या तिसऱ्या वेळेला आम्ही पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त वजन देऊ. सोबत थकल्या पायांचा २०० मीटरचा स्प्रिंटही (सुसाट धाव) मोजून ठेवा.

मग शर्यतीचा रस्ता बघा. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीत संपणारी शर्यत असेल तर थकून चढणारा नेता. शेवटचे वीस किलोमीटर सपाट असतील तर स्प्रिंटवाला. म्हणजे नेता माणसाला नव्हे, रस्त्याला धरून ठरतो. पुढच्या शर्यतीत तो बदलू शकतो, हे दोघांना आधीच माहीत असले की निम्मा राग तिथेच संपतो.

कागदावर तीन गोष्टी लिहून पाचही जणांना वाचून दाखवा. नेता कोण. नेता गळाला तर दुसरा कोण, आणि 'मी गळालो' हे नेत्याने स्वतः कोणत्या शब्दांत सांगायचे. आणि तुमच्याकडे राहून गेलेली तिसरी : दोघेच पुढे असले तर काय. आमचे उत्तर असे की, शेवटच्या किलोमीटरच्या फलकापर्यंत दोघांनी ३०-३० सेकंदांची पुढे ओढायची पाळी घ्यायची, त्यानंतर झुंज मोकळी. फलकाआधी पाळी चुकवली तर पुढच्या शर्यतीत नेतेपद नाही.

'तू ओढ' मध्ये नुकसान का होते ते समजून घ्या. सपाटीवर ताशी ४० किलोमीटरला जवळजवळ सगळी ताकद हवा कापण्यात जाते, आणि चाकामागे बसणाऱ्याची पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. त्यामुळे दोघांनाही मागे बसावेसे वाटते. वेग ३२ वर येतो, मागचा गट पाळी लावून ४० ने येतच असतो. दर किलोमीटरला २२ सेकंद जातात. तीन किलोमीटरमध्ये मिनिटाहून जास्त आघाडी हातची जाते.

हे मोठमोठ्यांचेही झाले आहे. १९४८ च्या नेदरलँड्समधल्या विश्वविजेतेपद शर्यतीत फाउस्तो कॉप्पी आणि जिनो बार्ताली हे दोघे इटालियन एकमेकांवर पहारा देत बसले आणि अखेर दोघांनीही शर्यत सोडली. पुढच्या वर्षी टूर द फ्रान्सला इटलीचे संघव्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा यांनी दोघांना आधी एका विचाराने बांधून घेतले. कॉप्पी पहिला आला, बार्ताली दुसरा.

प्रश्न (कराड) : सरावाला जोडीने निघालो की आमच्यातला एक जण कायम अर्धे चाक पुढे काढतो. सांगितले तर म्हणतो, 'मी वेग वाढवलाच नाही.' त्याचे काय करावे?

उत्तर : तो खोटे बोलत नसेल, त्याला कळतच नसेल. तो अर्धे चाक पुढे गेला की शेजारचा बरोबरी करतो, मग तो पुन्हा अर्धे चाक. दहा मिनिटांत हलका सराव शर्यत होऊन बसतो आणि मागची जोडी तुटते. नियम एकच : हँडलला हँडल, आणि वेग जोडीतल्या हळू माणसाचा. हलक्या दिवशी त्या गड्याला पुढची लहान चकती (हलका गिअर) सोडायची नाही अशी अट घाला. तरी ऐकत नसेल तर दुसऱ्या ओळीत ठेवा. समोर चाक असले की अर्धे चाक पुढे काढायला जागाच उरत नाही.

एका ओळीत पाळी लावतानाही हीच खोड वेगळ्या रूपात येते. पुढचा बाजूला होतो आणि नव्याने पुढे आलेला जोर दाखवतो. बाजूला झालेल्याला ओळीच्या शेपटीला लागायला मग स्प्रिंट मारावा लागतो. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की कमजोर माणूस सुटलाच. पुढे आल्यावर मीटरवरचा वेगाचा आकडा होता तोच ठेवायचा. वेग कमी करायचा तो बाजूला झालेल्याने, तोही बाजूला झाल्यानंतर. आणि एक गोष्ट अगदी मनावर कोरून घ्या : ताकदीप्रमाणे पाळीची लांबी बदलते, वेग बदलत नाही. दणकट माणूस मिनिटभर ओढेल, कच्चा दहा-पंधरा सेकंद. कच्च्याने मिनिटभर ओढायचा हट्ट धरला की वेग पडतो, दणकट चिडतो आणि भांडण सुरू होते.

पुढच्या चाकापासून अंतर ३० ते ६० सेंटिमीटर ठेवा. आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही घुसवू नका. पुढचा जरा हलला तर पडतो तो मागचा. बाजूला होताना वारा येतो त्या बाजूला व्हायचे. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या भागात, आडवा वारा असतो. तिथे आडोशासाठी तिरकी रांग लावायचा मोह होईल. वाहता रस्ता असेल तर चौघांहून जास्त नकोत, आणि सगळी रांग आपल्या डाव्या पट्ट्यातच राहिली पाहिजे.

प्रश्न (मिरज) : बर्नार इनॉ आणि ग्रेग लेमाँड एकाच संघात असून १९८६ च्या टूरमध्ये एकमेकांविरुद्ध लढले असे ऐकले. मदत करायचे कबूल करून इनॉने शब्द फिरवला का?

उत्तर : घडले ते सांगतो. १९८५ मध्ये 'ला व्ही क्लेअर' संघातून इनॉ पाचव्यांदा जिंकला. लेमाँड १ मिनिट ४२ सेकंदांनी दुसरा. पुढच्या वर्षी लेमाँडसाठी काम करीन असे इनॉने जाहीर केले. १९८६ च्या बाराव्या टप्प्यात, पो गावाच्या वाटेवर, तो दुसऱ्या संघातल्या पेद्रो देल्गादोबरोबर निघून गेला आणि लेमाँडच्या ५ मिनिटे २५ सेकंद पुढे झाला. संघातला माणूस पुढे, म्हणून लेमाँडला पाठलाग करता येईना. दुसऱ्या दिवशी इनॉ पुन्हा एकटाच सुटला, पण शेवटच्या चढावर त्याचे पाय संपले. सुपरबान्येरला लेमाँड जिंकला आणि अंतर ४० सेकंदांवर आले. पुढे आल्प्समध्ये लेमाँडने पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेतली आघाडी, घेतली. आल्प द्युएझच्या चढावर दोघे हातात हात घालून आले, इनॉने रेषा आधी ओलांडली. पॅरिसला लेमाँड ३ मिनिटे १० सेकंदांनी विजेता, युरोपबाहेरचा पहिलाच.

आपण प्रतिस्पर्ध्यांना दमवत होतो असे इनॉ पुढेही म्हणत राहिला. बाराव्या टप्प्यापुरते ते मान्य करता येईल. पण पाच मिनिटांची आघाडी हाती असताना दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटणे हे मदतीत बसत नाही, असे आमचे मत आहे. खरी चूक शब्दांच्या ढिलाईत होती. 'मदत करीन' म्हणजे नेमके काय? पुढे निघून जायची मुभा आहे का, असल्यास किती मिनिटांपर्यंत? ते कुणी बोललेच नव्हते.

प्रश्न (विटा) : संघातला मदतनीसच पुढच्या गटात निघून गेला आणि नेता मागे राहिला, तर नेत्याने काय करायचे?

उत्तर : ओढायचे नाही. गटात तिसऱ्या-चौथ्या चाकावर बसायचे. पाठलागाचे ओझे दुसऱ्या संघांवर. कुणी प्रतिस्पर्धी गटातून सुटला तर त्याच्या चाकाला लागायचे, पण त्याला एकही पाळी द्यायची नाही. त्याला पाळी देत पुढे गेलात तर आपल्याच माणसाला आपणच पकडून दिले असे होईल.

२०२३ ची स्पेनची व्ह्युएल्टा यासाठी नीट अभ्यासावी. युम्बो-विस्मा संघाचा सेप कुस हा त्या वर्षी जिरो (इटलीची मोठी शर्यत) आणि टूर दोन्हींत मदतनीस होता. सहाव्या टप्प्यात तो पुढच्या गटातून जिंकला आणि आठव्या टप्प्याअखेर आघाडीवाल्याची लाल जर्सी त्याच्याकडे आली. मागे त्याचेच दोन नेते, रोग्लिच आणि विंगेगार्ड. सतराव्या टप्प्यात, अँग्लिरूच्या चढावर, हे दोघे जर्सीवाल्या कुसला सोडून पुढे गेले आणि त्याची आघाडी अवघी ८ सेकंद उरली. त्यानंतर मात्र संघाने कुसच्या बाजूने निर्णय घेतला. तो १७ सेकंदांनी जिंकला, विंगेगार्ड दुसरा, रोग्लिच तिसरा. पहिले तिन्ही एकाच संघाचे. निर्णय पाच दिवस आधी झाला असता तर अँग्लिरूवरचा तो कडवटपणा टळला असता.

प्रश्न (वाई) : नेत्याचे चाक पंक्चर झाले तर कुणी द्यायचे? आणि दुसऱ्या संघातल्या मित्राने चाक दिले तर चालते का?

उत्तर : आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खाणे, पाणी आणि पाने-अवजारे कुणीही कुणालाही देऊ शकतो. चाक किंवा सायकल देणे, थांबून परत गटात आणणे हे फक्त एकाच संघातल्यांत चालते. ढकलणे कुणालाच चालत नाही, आपल्याला सुद्धा. स्थानिक शर्यतीचे नियमपत्रक वेगळे असेल तर तेच धरा.

चाक कोण देणार हे उंचीवरून नव्हे, जुळणीवरून ठरवा. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर अॅक्सल (चाकाचे आस) सारखे हवेत : पुढे १२ बाय १००, मागे १२ बाय १४२ मिलिमीटर. रोटर (ब्रेकची चकती) एकाचा १४०चा आणि दुसऱ्याचा १६०चा असेल तर चाक बसणार नाही किंवा ब्रेक नीट लागणार नाही, इथेच बहुतेक फसतात. ११ गिअरच्या सायकलला १२ गिअरची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावली तर चेन दोन चकत्यांमध्ये उड्या मारत राहील. रिम ब्रेकवाल्यांनी रिमची रुंदी बघावी, नाहीतर ब्रेक घासतो किंवा लागतच नाही. शर्यतीच्या आठ दिवस आधी सगळ्या सायकली उलट्या करून चाके आपसांत बदलून बघा. ज्याचे नेत्याला बसते त्याच्या हँडलला रंगीत टेप गुंडाळा.

मागचे चाक असेल तर चाकापेक्षा सगळी सायकल देणे जलद. त्यासाठी पेडल एकाच जातीचे हवे आणि सीटच्या उंचीत एक सेंटिमीटरहून जास्त फरक नको. नेत्यासोबत एकाने किंवा दोघांनी थांबावे, सगळ्यांनी नव्हे. परत आणताना पहिला किलोमीटर जीव तोडून ओढू नका. घाबरून केलेल्या त्या जोरात मदतनीस संपतो आणि नेता अर्ध्या वाटेवर एकटा पडतो. संघांच्या मोटारींच्या मागून मागून, पाच-सात मिनिटांत पोचायचे.

प्रश्न (तासगाव) : आमच्याकडे बेदाणा घरचा आहे. शर्यतीत जेलऐवजी चालेल का? आणि पाण्याच्या बाटल्या आणणारा नेहमी मीच का?

उत्तर : बेदाणा चालतो, उत्तम चालतो. १०० ग्रॅममध्ये सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके, म्हणजे ४० ग्रॅमच्या पुडीत ३०. दोन तासांहून लांब शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात, म्हणजे एक ते दोन पुड्या. पण त्यातली निम्मी साखर फ्रुक्टोज (फळसाखर) असते आणि चोथाही असतो, त्यामुळे पाण्याशिवाय मुठीच्या मुठी खाल्ल्या तर पोट फुगते आणि पुढे वाकून बसवत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी थोडे, वर दोन घोट पाणी. घाटात चावत बसू नका, श्वास अडतो. तो घाटाआधीच संपवा.

ओआरएसची एक लिटरची पुडी मीठ देते, ताकद नाही. तिच्यात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते. शर्यतीसाठी त्या लिटरमध्ये ४० ग्रॅम साखर आणखी घाला. हे पाणी जुलाबाच्या रुग्णाला द्यायचे नाही, त्याच्यासाठी पुडी जशी आहे तशीच. उन्हाळ्यात सांगलीकडे तासाला पाऊण ते एक लिटर पाणी धरा.

बाटल्यांबद्दल : ७५० मिलीच्या पाच बाटल्या म्हणजे जवळजवळ चार किलो वजन. ते घेऊन मागून गटाच्या पुढे येणे हे शर्यतीतले फार अवघड काम आहे. ते नेहमी एकाकडेच असेल तर संघ चुकतो आहे. घाटाआधीची फेरी सपाटीवाल्याने, घाटानंतरची दुसऱ्याने अशी वाटणी करा. आणि बाटल्या आणणाऱ्याने आधी स्वतः प्यायचे. मदतनीस उपाशी राहिला की शेवटच्या तासात नेत्याला वाऱ्यात एकट्याला ओढावे लागते.

प्रश्न (सांगली) : आमच्या सायकल मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दूरदर्शनवरच्या 'गुंड्याभाऊ'ची, बाळ कर्वे यांची आठवण म्हणून दीड तासाचा कार्यक्रम करायचा आहे. मंडळातल्या ज्येष्ठांचे ते फार लाडके. कसा बसवावा? परवानग्या लागतात का?

उत्तर : जरूर करा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवरच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होते. कर्वे ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. मंडळ सायकलचे असल्याने एक गोष्ट तुम्हाला लवकर कळेल : चिमणरावाची तारांबळ खुलते ती शेजारी गुंड्याभाऊ घट्ट उभा असतो म्हणून. कर्व्यांनी हशा स्वतःकडे ओढून घेतला नाही, तरी प्रेक्षक त्यांना विसरले नाहीत.

परवानगीचे असे आहे. ही पात्रे चिं. वि. जोशी यांची. ते १९६३ मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो आणि ती पुढच्या जानेवारीपासून मोजतात, म्हणजे ३१ डिसेंबर २०२३ला तो संपला. त्यांच्या कथांचे वाचन खुशाल करा. मालिकेचे चित्रीकरण आणि त्यासाठी लिहिलेले संवाद यांचा हक्क वेगळा. ते दाखवायचे तर दूरदर्शनची लेखी परवानगी घ्या आणि अर्ज निदान दोन महिने आधी करा. तिकीट लावून नाट्यप्रयोगच करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागेल.

आमच्या मते एका कथेचे दोन आवाजांतले वाचन हा कार्यक्रमाचा गाभा असावा. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे २५ मिनिटांना ३००० शब्द. कथा कापावी लागली तर वर्णन कापा. विनोदाची तयारी करणारी साधी वाक्ये कापू नका, ती गेली की पुढचा हशा जातो. गुंड्याभाऊ वाचणाऱ्याने कर्व्यांची नक्कल करू नये आणि हसवायचा प्रयत्नही करू नये. ठाम, सरळ वाचावे. हशा आला की थांबावे आणि तो ओसरू लागताच पुढचे वाक्य घ्यावे. पूर्ण शांततेची वाट पाहिली तर लय तुटते, हशातच बोलले तर पुढचा विनोद वाया जातो. सभागृह पूर्ण अंधारे करू नका, शेजारच्याचा चेहरा दिसला की माणसे जास्त हसतात. दोघांना दोन वेगळे माइक द्या. जुन्या चौकोनी चित्राला पडदाभर ताणू नका, माणसे बुटकी आणि जाड दिसतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या.

ज्येष्ठांना आठवणी सांगायला प्रत्येकी तीन मिनिटे, सहा जण, आणि त्यांची नावे आधी ठरवून. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे नाटक उभे केले त्या गावात प्रेक्षक चोखंदळ असणारच, त्यामुळे तालमी चार तरी करा.

प्रश्न (पलूस) : बक्षिसाची रक्कम कशी वाटावी?

उत्तर : चषक जिंकणाऱ्याचा. रकमेतून आधी प्रवेश फी आणि गाडीचे डिझेल वजा करा. उरलेले सगळ्यांत समान, शर्यत पुरी न करू शकलेल्यालाही, कारण बहुधा तोच सगळ्यांत जास्त ओढून संपलेला असतो. मेकॅनिकचा एक वाटा धरा. टूर द फ्रान्सचा विजेताही आपली रक्कम प्रथेप्रमाणे संघात वाटतो. हे सगळे शर्यतीआधी ठरवा, पैसे हातात आल्यावर नव्हे.

प्रश्न (जत) : शेवटच्या स्प्रिंटला आमचा ओढणारा आणि मागचा, दोघेही रेषेकडेच सुटतात. ओढणाऱ्याने नेमके कुठे बाजूला व्हायचे?

उत्तर : वारा शांत असेल तर रेषेआधी २०० ते २५० मीटरवर. समोरून वारा असेल तर १५० पर्यंत ओढत न्या. मागून असेल तर ३०० वरही सोडता येते. त्या जागी आधीच जाऊन खांब, पाटी किंवा झाड हेरून ठेवा, शर्यतीत मीटर कुणी मोजत नाही. ओढणाऱ्याने सरळ रेषेत राहून फक्त पाय सोडावेत. एकदम आडवा झाला तर मागून येणारे पडतील आणि पंच त्याला बाद करतील. कुणी कुठल्या बाजूने निघायचे हेही आधी ठरवा : स्प्रिंटवाला वारा नसलेल्या बाजूने, ओढणारा दुसऱ्या. आठवड्यातून एकदा, सराव संपताना, अशा सहा स्प्रिंट करा, मध्ये पाच-पाच मिनिटे विसावा घेऊन. प्रत्येक दोन स्प्रिंटनंतर ओढणारा बदला.